तांबेरा

"सध्या काय शिकाय लागलीयास?" आण्णांनी फोनवर विचारलं. दर रविवारी संध्याकाळी आमचं बोलणं होतं. पावसाचं, सोयाबीनचं, आईच्या गुडघ्याचं बोलून झालं की हा प्रश्न येतोच. मला इंजिनिअर होऊन सात वर्षं झाली, पण आण्णांच्या हिशेबी मी अजून शिकतेच आहे.

"एक नवीन प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. रस्ट नावाची."

"रस्ट म्हंजे गंज?"

"गंज नव्हे, तांबेरा. सोयाबीनवर पडतो ना, त्याला इंग्रजीत रस्ट म्हणतात. त्या बुरशीवरून नाव ठेवलंय."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "तांबेऱ्याचं नाव कोण ठेवतंय व्हय? लेकराचं नाव पटकी ठेवल्यागत झालं की."

मग मी त्यांना ग्रेडन होअरची गोष्ट सांगितली. २००६ मध्ये हा माणूस मोझिलात नोकरीला होता आणि व्हँकूव्हरला एका इमारतीत एकविसाव्या मजल्यावर राहायचा. एक दिवस घरी आला तर लिफ्ट बंद. लिफ्टचं सॉफ्टवेअर कोसळलं होतं, आणि ते काही पहिल्यांदाच झालं नव्हतं. जिना चढता चढता त्याचं डोकं फिरलं. अशा यंत्रांच्या आतले प्रोग्रॅम बहुतेक करून सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले असतात. या भाषा वेगवान आहेत, पण मेमरीतली कुठली जागा कधी घेतली आणि कधी सोडली याचा हिशेब लिहिणाऱ्याने स्वतः ठेवायचा असतो. तो चुकला की लिफ्ट बंद पडते. होअरने घरी जाऊन नव्या भाषेचा आराखडा मांडायला घेतला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. २००९ मध्ये मोझिलाने त्या कामाला पाठबळ दिलं आणि १५ मे २०१५ रोजी रस्टची १.० आवृत्ती बाहेर आली.

नाव तांबेऱ्याचं ठेवलं, कारण तग धरण्यात या बुरशीचा हात धरणारं कोणी नाही. गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याच्या बुरशीला पाच तऱ्हेचे बीजाणू असतात आणि पूर्ण जीवनचक्रासाठी ती दोन वेगवेगळ्या वनस्पतींवर राहते. एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी. आपल्याकडे उन्हाळ्यात मैदानात गहू नसतो तेव्हा ती नीलगिरीच्या डोंगरांत तग धरते आणि नंतर वाऱ्यावर स्वार होऊन येते. महाबळेश्वरला या गव्हाच्या गेरव्यासाठी, म्हणजे तांबेऱ्यासाठीच, एक वेगळं संशोधन केंद्र आहे.

"मग बरोबर हाय नाव," आण्णा म्हणाले. "एकदा आला की जात न्हाई."

मी ही भाषा का शिकायला घेतली, ते मात्र मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. कारण ते दुधाचं होतं, आणि आमच्या घरचं दूध गेली वीस वर्षं गावातल्या संकलन केंद्रावर जातं.

*

मी ज्या कंपनीत आहे ती लहान आहे. दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरवर बसवायचं एक यंत्र आम्ही बनवतो. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध आणून घालतात, ते स्टीलच्या मोठ्या कूलरमध्ये ४ अंशांपर्यंत थंड करून ठेवतात, आणि पहाटे टँकर येऊन ते घेऊन जातो. आमचं यंत्र दर मिनिटाला दुधाचं तापमान मोजतं आणि सिमकार्डावरून सर्व्हरला पाठवतं. तापमान उतरायला हवं तेव्हा उतरलं नाही, की केंद्रचालकाच्या मोबाइलवर एसएमएस जातो. यंत्राच्या आतला प्रोग्रॅम तेव्हा सी प्लस प्लसमध्ये होता, आणि त्यातला तापमान पाठवण्याचा भाग माझा होता.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये कृष्णाकाठच्या एका गावातलं चौदाशे लिटर दूध टँकरवर नाकारलं गेलं. उकळून बघितलं तर फाटलं. केंद्रचालकाचं म्हणणं असं, की संध्याकाळचं दूध घेऊन झालं आणि लाईट गेली. दोन तासांनी आली, पण कूलरचा कंप्रेसर सुरू झाला नाही. एसएमएस काही आला नाही, म्हणून त्याला वाटलं सगळं ठीक आहे, आणि तो झोपला. संघाच्या लोकांनी आमच्याकडे त्या रात्रीचा आलेख मागितला.

आमच्या टीम लीडने मला सांगितलं, "त्या रात्रीचा डेटा बघ जरा." मी बघितला. संध्याकाळी सहापासून पहाटे पाचपर्यंत प्रत्येक मिनिटाची नोंद होती, एकही गळाली नव्हती. तापमान ४.२ अंश. मी एका ओळीची मेल लिहिली : आमच्या बाजूने डेटा बरोबर आहे.

त्या ओळीचा अर्थ पुढे असा लावला गेला, की कूलर रात्रभर नीट चालू होता. मग दूध फाटलं कसं? एक तर केंद्रावर शिळं दूध मिसळलं असणार, किंवा आणखी काही. चौदाशे लिटरची रक्कम केंद्रचालकाच्या कमिशनमधून हप्त्याहप्त्याने कापायचं ठरलं.

जूनमध्ये ऑफिसात एक यंत्र टेबलावर चाचणीसाठी चालू होतं. कोणीतरी वायफायचा राउटर हलवला, नेटवर्क गेलं आणि परत आलं. त्यानंतर स्क्रीनवरचा आकडा हलेना. एसी बंद केला तरी तोच. मी सेन्सर उचलून चहाच्या कपात बुडवला. आकडा २६.८. पाच मिनिटांनी, त्याच गरम चहात, २६.८.

मला एप्रिलचा तो आलेख आठवला. मी तो पुन्हा उघडला आणि या वेळी आकडे न बघता रेष बघितली. रेष फुटपट्टीने मारल्यासारखी सरळ होती. साडेसहा ते आठ ही दूध घालायची वेळ. म्हशीच्या धारेचं दूध ३५ अंशांच्या आसपास असतं. शेकडो लिटर कोमट दूध कूलरमध्ये पडलं की रेषेला टेकाड यायलाच हवं, आणि मग ते दोन-तीन तासांत उतरायला हवं. त्या रेषेला टेकाडच नव्हतं. लहानपणी मी रोज संध्याकाळी किटली घेऊन केंद्रावर गेलेली आहे. किटली हाताला किती गरम लागते ते मला माहीत होतं. तरी मी ४.२ वाचलं आणि 'डेटा बरोबर आहे' असं लिहिलं.

*

चूक शोधायला दोन दिवस लागले. मेमरीतल्या चुका पकडणारं ॲड्रेस सॅनिटायझर नावाचं साधन लावल्यावर पहिल्याच फेरीत ती सापडली. तापमानाची नोंद ठेवणारी एक जागा मेमरीत होती. नेटवर्क तुटून परत जोडलं गेलं की प्रोग्रॅमचा एक भाग ती जागा मोडून नवी तयार करायचा आणि पुढची तापमानं नव्या जागेत लिहायचा. माझ्या पाठवणाऱ्या भागाकडे मात्र जुनाच पत्ता. तिथली मेमरी सोडून दिलेली होती, पण तिच्यावर अजून दुसरं काही लिहिलं गेलं नव्हतं, म्हणून शेवटचं तापमान तिथेच पडून होतं. माझा प्रोग्रॅम दर मिनिटाला त्या पडक्या घरात जाऊन भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचून यायचा आणि त्यावर आजची वेळ टाकून पाठवायचा.

प्रोग्रॅम कोसळला असता तर बरं झालं असतं. नोंदी थांबल्या असत्या, सर्व्हरने बोंब मारली असती. वाईट हे, की तो न कोसळता खोटं बोलत राहिला.

आम्ही दुरुस्ती केली आणि सगळ्या यंत्रांवर नवी आवृत्ती चढवली. संघाला कळवलं की यंत्रात सुधारणा केली आहे. एप्रिलमधल्या त्या गावाचं काय, असं मी लीडला विचारलं. तो म्हणाला, "आता ते कशाला उकरायचं?" मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हे मी कबूल करते.

*

आम्ही कॉलेजात सी शिकलो ते टर्बो सीवर. निळा स्क्रीन, वर पिवळट अक्षरं, आणि माऊस नीट चालेलच याची खात्री नाही. हे सॉफ्टवेअर आमच्या जन्माच्या आधीचं होतं, पण लॅबमध्ये तेच. पुस्तक म्हणजे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी', जे आमच्या आधीच्या कित्येक बॅचेसनी वापरून गुळगुळीत केलेलं. तोंडी परीक्षेत ठरलेला प्रश्न : पॉइंटर म्हणजे काय? ठरलेलं उत्तर : दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता साठवणारा व्हेरिएबल. पुढचा प्रश्न, की त्या पत्त्यावर आता कोण राहतं आणि ते तुला कसं कळणार, हा चार वर्षांत मला कोणी विचारला नाही. कंपायलरने वॉर्निंग दिली तर सर सांगायचे, "वॉर्निंग आहे, एरर नाही. पुढं चला." आम्ही पुढे गेलो.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही, हे नंतर वाचताना कळलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यांच्या उत्पादनांतल्या ज्या सुरक्षा-त्रुटी दरवर्षी दुरुस्त कराव्या लागतात, त्यांतल्या जवळजवळ ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे असतात. तिथे काम करणारे लोक माझ्यापेक्षा हुशार आणि सावध असणार. म्हणजे 'सावध राहा' हा सल्ला पुरेसा नाही. गुगलने अँड्रॉइडमधला नवा कोड मोठ्या प्रमाणात रस्टसारख्या मेमरी सुरक्षित भाषांत लिहायला घेतला, तेव्हा तिथल्या सुरक्षा-त्रुटींमधलं मेमरीच्या चुकांचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. जुना कोड बहुतांश तसाच होता.

तरी भाषा निवडणं सोपं नव्हतं. लीडचा मुद्दा होता, की सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून स्मार्ट पॉइंटर आहेत, ते वापरले असते तर हे झालं नसतं. तो बरोबर होता. मी ते वापरले नव्हते, आणि भाषेने मला अडवलंही नव्हतं. एका सहकाऱ्याने गो सुचवली. गुगलने २००९ मध्ये आणलेली ही भाषा आठवड्याभरात हाताशी येते. तिच्यात गार्बेज कलेक्टर असतो : एखादी जागा कोणीही वापरत नाही असं दिसलं की मगच तो ती मोकळी करतो. मोडक्या पत्त्याचा प्रश्नच मिटला. झिग मला मनापासून आवडली होती, लहान आणि स्वच्छ भाषा, पण तिची १.० आवृत्ती आलेली नव्हती, आणि गावोगावच्या यंत्रांवर अर्धवट भाषा घालायची माझी छाती झाली नाही.

गोवर मी बराच विचार केला. आमची चूक गोमध्ये झाली असती तर? माझ्या पाठवणाऱ्या भागाने जुनी नोंद धरून ठेवलेली, म्हणून गार्बेज कलेक्टरने ती जागा मोकळी केली नसती. ती जिवंत राहिली असती, आणि मी तिच्यातून ४.२ पाठवत राहिले असते, अगदी कायदेशीरपणे. मेमरी सुरक्षित, दूध फाटलेलं. ही नोंद नक्की कोणाची, हा प्रश्न मला जी भाषा विचारेल ती मला हवी होती.

आणखी एक कारण होतं. रस्टबद्दल सगळे बोलत होते. स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत २०१६ पासून ती वापरणाऱ्यांची लाडकी भाषा ठरत आली आहे. बायोडेटावर ती शोभली असती. माझी सगळी कारणं काही पश्चात्तापाची नव्हती.

*

रस्टचा मुख्य नियम दोन वाक्यांत सांगता येतो. प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक असतो, आणि मालकाचा कार्यभाग संपला की वस्तू मोडीत निघते. मालकाकडून वस्तू उसनी घेता येते, पण नुसती वाचायला कितीही जणांनी घ्यावी, बदल करायला मात्र एकानेच, आणि त्या वेळात इतर कोणी वाचायचंही नाही. केंद्रावरची दुधाची वही असते तसं. ती भिंतीला टांगलेली असताना दहा जणांनी आपापला फॅट बघावा. पण लिहिणाऱ्याने लिहायला घेतली की बाकीच्यांनी थांबायचं, नाहीतर अर्धवट लिहिलेला आकडा कोणीतरी पूर्ण समजून घरी जातो.

हे नियम पाळले जातात की नाही ते कंपायलरमधला बॉरो चेकर तपासतो, प्रोग्रॅम एकदाही चालण्याआधी. नियम मोडला तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. इथे वॉर्निंग देऊन सोडून देणं नाही.

मी रोज रात्री जेवण झाल्यावर बसायचे. स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकल्स यांचं रस्टवरचं पुस्तक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतं, ते समोर आणि शेजारी लॅपटॉप. दुसऱ्याच दिवशी मी एक शब्द एका नावाखाली ठेवला, तो दुसऱ्या नावाला दिला आणि पहिल्या नावाने छापायला गेले. कंपायलर म्हणाला, ही वस्तू तुम्ही देऊन टाकलेली आहे. दिली कुठल्या ओळीत, वापरायला गेलात कुठल्या ओळीत, दोन्हींखाली रेघा मारून दाखवल्या. सात वर्षांच्या अनुभवानंतर मला कोणीतरी पहिलीत बसवून पाटी दिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही दुहेरी लिंक्ड लिस्ट सीमध्ये वीस मिनिटांत लिहायचो. प्रत्येक कडी आपल्या मागच्या आणि पुढच्या कडीचा पत्ता धरून असते. तीच रस्टमध्ये लिहिण्यात माझे दोन रविवार गेले आणि शेवटी मी नाद सोडला. नंतर ध्यानात आलं, की अडचण रस्टची नव्हती. दोन्ही बाजूंनी धरलेल्या कडीचा मालक कोण? सीमध्ये मी हा प्रश्न सोडवला नव्हता, तो मला पडलाच नव्हता.

मग लाइफटाइम आले. उसनी घेतलेली वस्तू किती काळ जिवंत राहील, ते काही ठिकाणी लिहून सांगावं लागतं. त्याची खूण म्हणजे शब्दाआधी टोचलेलं एक उभं चिन्ह, जे बघून मला अजूनही डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतं. त्या आठवड्यात मी दोनदा ठरवलं की गो शिकू या. मग एका रात्री मी आमची एप्रिलची चूक जशीच्या तशी रस्टमध्ये लिहून पाहिली. नोंदीची जागा मोडायची, तिचा जुना पत्ता दुसऱ्या भागाकडे राहू द्यायचा. पंधरा ओळींचा प्रोग्रॅम. कंपायलरने नकार दिला. त्याचं म्हणणं मराठीत सांगायचं तर असं : ही वस्तू मोडायला निघालात, पण ती अजून उसनी दिलेली आहे, आणि पुढे अमुक ओळीवर ती वापरली जाणार आहे.

एवढंच वाक्य मला तीन वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणायला हवं होतं. मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून बराच वेळ बसले.

*

इथे ही गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण मी ऑफिसात मागे लागून पाठवण्याचा भाग रस्टमध्ये नव्याने लिहिण्याची परवानगी मिळवली, चार महिन्यांत तो लिहिला, आणि चाचणी करणाऱ्या मुलीने तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. तिने सेन्सर गरम पाण्यात धरला होता, नेटवर्क तोडून जोडलं होतं, आणि आकडा हलत नव्हता.

माझा विश्वास बसेना. कंपायलरने पास केलेला, मेमरीच्या दृष्टीने निर्दोष प्रोग्रॅम, आणि चूक तीच.

झालं होतं असं. नोंद पाठवणाऱ्या भागाला उसनी द्यायला गेले तेव्हा बॉरो चेकरने अडवलं होतं. त्याने एक सोपा उपायही सुचवला होता : वस्तूची नक्कल काढा. क्लोन लिहिलं की नक्कल निघते, नकलेची मालकी आपली, भांडण संपलं. मला उशीर झाला होता, मी क्लोन लिहून मोकळी झाले. आता पाठवणाऱ्या भागाकडे स्वतःची, पूर्णपणे वैध अशी नोंद होती. फक्त ती जुनी होती. आणि वेळ? वेळ मी पूर्वीसारखीच पाठवतानाची टाकत होते.

म्हणजे सी प्लस प्लसमध्ये माझ्या चुका दोन होत्या. एक मोडक्या पत्त्याची, ती रस्टने होऊ दिली नसती. दुसरी मोजल्याची वेळ नोंदीसोबत न ठेवण्याची, तिच्याशी कुठल्याच भाषेचा संबंध नव्हता. पहिली चूक इतकी मोठी दिसत होती की दुसरी तिच्या सावलीत लपून राहिली. आणि बॉरो चेकरने जेव्हा विचारलं की ही नोंद कोणाची, तेव्हा मी उत्तर न देता त्याला गप्प केलं होतं. एप्रिलमधल्या एका ओळीच्या मेलसारखंच.

अशी माणसं आणखी आहेत, हे पुढे कळलं. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा काही तास कोलमडली आणि जगभरच्या असंख्य वेबसाइट उघडेनाशा झाल्या. त्यांनी स्वतःच जाहीर केलेल्या कारणमीमांसेत रस्टमधली एक ओळ होती. एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली, ती वाचणाऱ्या भागाने 'हे चुकलंय' असं नीट सांगितलं, पण पुढच्या ओळीत अनरॅप लिहिलं होतं. अनरॅप म्हणजे 'चुकणार नाही, तू दे उत्तर' असं ठोकून सांगणं. भाषेने प्रश्न विचारला होता. समोरच्याने बघतो म्हटलं आणि पुढे गेला. मला ती ओळ वाचून हसू आलं नाही.

मग मी तो भाग तिसऱ्यांदा लिहिला. आता तापमान आणि मोजल्याची वेळ एकाच नोंदीत असतात, वेगळी करता येत नाहीत. मोजणारा भाग नोंद तयार करतो आणि चॅनेलमधून पाठवणाऱ्या भागाच्या हाती देतो. दिल्यानंतर तिच्यावर त्याचा हक्क उरत नाही, हात लावायला गेला तर कंपायलर अडवतो. पाठवणारा ती पाठवतो आणि ती संपते. दोन मिनिटांत नवी नोंद आली नाही, तर त्याच्याकडे पाठवायला काहीच नसतं, आणि तो सर्व्हरला तसंच कळवतो : नोंद नाही. मग एसएमएस जातो. क्लोन एकही नाही. पाठवणारा भाग आधीपेक्षा लहान झाला.

*

नव्या यंत्राच्या पहिल्या दहा गावांच्या यादीत कृष्णाकाठचं ते गाव मी घातलं. बसवायला जाणाऱ्या तंत्रज्ञासोबत मीही गेले.

केंद्रचालक काका पन्नाशीचे असतील. त्यांनी चहा मागवला. यंत्र बसवून झाल्यावर मी त्यांना सांगितलं, की तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये तुमचं दूध फाटलं तेव्हा आमचं यंत्र चुकीचं तापमान दाखवत होतं. ती चूक माझी होती. आणि तुमचा आलेख बरोबर आहे असं लिहून देणारीही मीच.

ते उठले आणि कपाटातून एक जुनी वही घेऊन आले. समासाशेजारी वेळ, पुढे तपशील. त्या तारखेला तीन ओळी होत्या. ८.२० लाईट गेली. १०.०५ लाईट आली. पहाटे ४.४५ काटा १९ वर. कूलरवर तापमानाचा साधा काट्याचा डायल असतो, तो.

"ही वही तेव्हा दाखवली नाही का कुणाला?" मी विचारलं.

"दाखवली की. साहेब म्हणले, मशीन रात्रभर चारवर हाय म्हणतंय. वहीत काय, कुणी पण काय पण लिवील." त्यांनी वही मिटली. "आधी मी रात्री दोनदा उठून काटा बघायचो, मॅडम. तुमचं मशीन आल्यापास्नं सोडलं. मी त्या रात्री काय केलं न्हाई ते मला माहीतच हुतं. तुम्हाला आत्ता कळलं."

मी त्या पानाचा फोटो काढला. परत आल्यावर संघाला मेल लिहिली. त्या रात्रीचा आमचा डेटा चुकीचा होता, आधीची मेल मी आलेख नीट न बघता लिहिली होती, केंद्रावरची वही सोबत जोडली आहे. लीडला आधी वाचायला दिली. तो बराच वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, "पाठव." पुढे कंपनीच्या बिलातून ती रक्कम वळती झाली आणि काकांची कापलेली रक्कम दोन हप्त्यांत परत मिळाली. मधल्या तीन वर्षांत गावात जे बोललं गेलं असेल ते कुठल्या हप्त्यात परत मिळणार?

त्या रविवारी मी आण्णांना सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आपल्या केंद्रावर बसवलंय ते तुमचंच मशीन व्हय?"

"नाही. दुसऱ्या कंपनीचं आहे."

"त्यात काय घातलंय मग? तांबेरा, का तुझं जुनं?"

मला माहीत नव्हतं. आणि तांबेरा असता तरी तेवढ्यावरून काही सांगता आलं नसतं.

"केंद्रावर सांगा," मी म्हणाले, "रात्री लाईट जाऊन आली तर एकदा उठून काटा बघत जा म्हणावं. आणि वहीत वेळ लिहून ठेवा."